ओला रस्ता, जुने टायर

पावसाची सर आली की आपला पाय आपसूक ब्रेककडे जातो. इंग्लंडमधल्या गुडवुडला मात्र सप्टेंबरातल्या ‘रिव्हायवल’ शर्यतमेळ्यात पाऊस असला तरी जुन्या जॅग्वार, फेरारी शर्यतीत उतरतात; तेही त्यांच्याच काळाच्या घडणीच्या टायरांवर. या अंकाचा विषय हाच.

गुडवुडच्या सुमारे ३.८ किलोमीटरच्या ट्रॅकवर १९४८ ते १९६६ या काळात शर्यती झाल्या. १९९८पासून त्या काळच्या गाड्या तिथे पुन्हा धावतात. ट्रॅक दयाळू नाही: १९६२मध्ये इथल्याच अपघाताने शर्यतचालक स्टर्लिंग मॉस यांची कारकीर्द संपली.

मग जुन्या टायरांचा हा हट्ट कशासाठी? उत्तर टायरच्या पोटात आहे. त्या काळच्या क्रॉसप्लाय टायरमधले धागे तिरपे, एकमेकांना छेद देत जातात. त्याची पकड आजच्या रेडियलपेक्षा कमी, पण ती सहसा हळूहळू सुटते. मागची बाजू सरकू लागते, चालक स्टीअरिंग उलटं फिरवतो, ॲक्सिलरेटर जरासा सैल करतो, आणि गाडी सावरते. टायरचा रस्त्याला टेकणारा पट्टा अरुंद असल्याने तो पाण्यावर तरंगण्याऐवजी पाणी कापत जातो.

आज ही सावरासावर बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स करतं. म्हणूनच या अंकात आम्ही वेगापेक्षा हाताच्या जाणिवेकडे पाहिलं आहे. तुम्हीही जुनी फियाट किंवा ॲम्बॅसॅडर भर पावसात घाटातून उतरवली असेल, तर तो अनुभव आम्हाला जरूर लिहून पाठवा. आणि हो, निघण्यापूर्वी टायरची नक्षी एकदा तपासा.