प्रकार विचारणाऱ्याने सांगावा

जेसनच्या कॉलममधून किंमत काढायची, तर डेटाबेसने ती मजकूर म्हणून हातात द्यावी, पुढचे प्रोग्राम बघून घेईल, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. जेसन हा मुळात मजकूरच, मग मजकूर देण्यात गैर काय, असा त्यांचा सवाल. पोस्टग्रेसमध्ये ‘->>’ने काढलेल्या किमती चढत्या क्रमाने लावून पाहा. १०००० आधी येतात, ९५०० नंतर. कारण तुलना अक्षरांची होते आणि १ हे अक्षर ९ च्या आधीचे. ना एरर, ना इशारा. चुकीचा अहवाल सुबक छापून निघतो. आकडा आणि अवतरणातला मजकूर हा भेद जेसनमध्ये मुळातच आहे. तो पुसून टाकणाऱ्याने तटस्थतेचा दावा करू नये.

दुसरा पक्ष म्हणतो, प्रकार डेटाबेसनेच ओळखावा. एसक्यूलाइटचे जेसन एक्स्ट्रॅक्ट तेच करते: आकडा असेल तर आकडा, मजकूर असेल तर मजकूर. आता एखाद्या नोंदीत कुणी ९५०० अवतरणचिन्हांत लिहिले. एसक्यूलाइटच्या नियमाने कोणताही मजकूर कोणत्याही आकड्याहून मोठा. त्यामुळे दहा हजारांहून महाग वस्तूंच्या यादीत ही साडेनऊ हजारांची वस्तू बिनदिक्कत येऊन बसते. एकाच कॉलमचा प्रकार ओळीगणिक बदलू देणे म्हणजे रिलेशनल शिस्तीवरच पाणी सोडणे.

म्हणून प्रकार विचारणाऱ्यानेच सांगितला पाहिजे. २०१६ च्या एसक्यूएल मानकातल्या जेसन व्हॅल्यूला ‘रिटर्निंग’ हे कलम आहे ते यासाठीच. पोस्टग्रेसमध्ये ते १७ व्या आवृत्तीत, २०२४ साली आले. ‘रिटर्निंग न्यूमेरिक’ लिहिले की अवतरणातले ९५०० सुद्धा आकडा होऊनच बाहेर येते. यावर, मग जेसनची मोकळीक कुठे राहिली, असा आक्षेप घेतात. लिहिणाऱ्याची मोकळीक शाबूत आहे. बंधन वाचणाऱ्यावर पडते, आणि पडायलाच हवे. बेरीज त्याला करायची आहे.

मानकाशी मात्र माझे एक भांडण आहे. किंमतच नसणे आणि किमतीच्या जागी ‘विचारा’ असे लिहिलेले असणे, या गोष्टी त्याने वेगळ्या धरल्या, ‘ऑन एम्प्टी’ आणि ‘ऑन एरर’ अशी दोन कलमेही दिली. पण काहीच न लिहिल्यास दोन्हींचे उत्तर एकच, नल. बेरीज नलला वगळून पुढे जाते आणि ती वस्तू हिशेबातून गुपचूप गळते. हे डीफॉल्ट उलटे हवे होते. तोवर पैशांच्या प्रत्येक क्वेरीत ‘एरर ऑन एरर’ लिहा आणि ‘विचारा’पाशी क्वेरी अडू द्या.