आठवण येऊ द्या, कन्नड शिका

बंगळूरला नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाला दोन्हीकडून टोमणे खावे लागतात. गावाकडचे म्हणतात, तिकडे एवढा रमलास की आम्हाला विसरलास. बंगळूरमध्ये आधी येऊन स्थिरावलेले म्हणतात, पाच वर्षं झाली तरी घराची आठवण काढतोस, म्हणजे तू इथं रुजलाच नाहीस. टोमणे उलटसुलट असले तरी त्यांच्या पोटातलं गृहीत एकच आहे. मन म्हणजे तराजू. एका पारड्यात घर, दुसऱ्यात नवं गाव. एक खाली गेलं की दुसरं वर जाणारच. हे गृहीत इतकं अंगवळणी पडलंय की ते तपासून पाहावं असं कोणाला वाटत नाही. माझ्या मते ते साफ चूक आहे. घराची ओढ नव्या गावात रुजण्याच्या आड येत नाही. आड येतं ते दुसरंच काहीतरी, आणि त्याचं खापर आपण बिचाऱ्या आठवणीच्या माथी फोडतो.

एक किरकोळ आक्षेप आधी निकालात काढू. बंगळूर हा काय परदेश आहे, पुण्याहून संध्याकाळी बसमध्ये बसलं की सकाळी तिथं, असं कोणी म्हणेल. परकेपण किलोमीटरवर ठरत नाही. न्यू जर्सीत उतरलेल्या मराठी इंजिनिअरला रस्त्यावरची पाटी वाचता येते. बंगळुरात उतरलेल्याला फक्त कन्नडमध्ये लिहिलेली पाटी वाचता येत नाही. स्वतःच्या देशात निरक्षर होण्याचा अनुभव पासपोर्टावर शिक्का मारून मिळत नाही.

आता मूळ मुद्दा. घर सोडून परक्या ठिकाणी जन्म काढणं ही सॉफ्टवेअर कंपन्यांनी आणलेली गोष्ट नाही. जनगणनेचे आकडे सांगतात की भारतात स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण नोकरी नसून लग्न आहे, आणि त्या कारणाने हलणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. म्हणजे आपल्या समाजातल्या निम्म्या माणसांना या प्रश्नाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. त्यांना कोणी विचारलं नाही इतकंच. सासरी गेलेल्या मुलीला माहेर आठवत असे, ती ते जात्यावर बसून मोठ्याने सांगत असे आणि ऐकणारे ते गैर मानत नसत. उलट तिच्या आठवणीसाठी आपण वर्षभराची व्यवस्था लावून दिली होती. पंचमीला न्यायला येणारा मुराळी, भाऊबीज, पहिलं बाळंतपण माहेरी; फार काय, भाद्रपदात येणाऱ्या गौरीलासुद्धा आपण तीन दिवसांची माहेरवाशीणच केलं. आणि हीच बाई सासरचे कुळाचार, तिथला स्वयंपाक, तिथली नातीगोती अशी अंगी बाणवत असे की दोन पिढ्यांनी त्या घराची रीत काय, असं कोणाला विचारायचं झालं तर तिलाच विचारत. ती रुजली नव्हती असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

यावर कोणी म्हणेल, तिला दुसरा पर्याय कुठे होता? बरोबर आहे. ती रीत अन्यायाचीच होती, आणि तिचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण पर्याय नसण्याने रुजणं भाग पडत असेल, आठवण येणं भाग पडत नाही; ती येत होती, आणि दोन्ही गोष्टी एकाच मनात आयुष्यभर नांदत होत्या. तराजूची उपमा तिथेच मोडते. पुरुषांवर ही वेळ आता सरसकट येऊ लागली, म्हणून तिचा एवढा गाजावाजा, ही शंका मला राहून राहून येते.

बंगळूरपुरतं बोलायचं तर पुरावा शहराच्या इतिहासातच आहे. १६३८च्या सुमारास विजापूरच्या फौजेने शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या वंशजाकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांकडे आलं. पुण्याची जहागीर सुटली नव्हती. तिथला कारभार त्यांच्या नावाने चालूच होता. तरीही बंगळुरात त्यांनी छावणी टाकल्यासारखं दिवस काढले नाहीत, दरबार भरवला. जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त त्या दरबाराचं वर्णन आहे, नाना भाषांतले कवी तिथं आपली कला दाखवत. हा ग्रंथ पुढे वि. का. राजवाडे यांनी संपादून छापला. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी मल्लेश्वराच्या देवळाला गाव इनाम दिल्याचा १६६९चा शिलालेख आहे. आजचं मल्लेश्वरम हे उपनगर त्याच देवाच्या नावाचं. दोन-तीन वर्षांनी परत जायचंय असं मनात धरणारा माणूस स्थानिक देवळाला गाव इनाम देत नाही.

पुढे व्यंकोजी तंजावरला गेले आणि तिथलं भोसल्यांचं राज्य १८५५पर्यंत टिकलं. तंजावरच्या मराठी घराण्यांतली माणसं निरनिराळ्या संस्थानांच्या चाकरीत पसरली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही ठिकाणी दिवाण झालेले सर टी. माधवराव त्यांतलेच. त्यांचे चिरंजीव आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण होते आणि बंगळुरातल्या आनंदराव सर्कलला त्यांचंच नाव आहे. शुक्रवारी रात्री याच परिसरात पाठीवर लॅपटॉपची बॅग लावून पुण्या-कोल्हापूरच्या बसची वाट पाहत मराठी पोरं उभी असतात. आपण कोणाच्या नावाच्या चौकात उभे आहोत हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल, कोण जाणे. या दक्षिणी घराण्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड अशा भाषा दरबारात बोलता येतील इतक्या आत्मसात केल्या आणि घरात मराठी ठेवली. बंगळुरातल्या मराठा, भावसार, नामदेव शिंपी समाजांच्या जुन्या घरांतही हेच घडलं. तिथली मराठी पुणेकराच्या कानाला ओबडधोबड लागते, तो हसतो. हसू दे. त्याच्या बंगळुरात वाढणाऱ्या नातवाची मराठी आणखी पंचवीस वर्षांनी ऐकू आणि मग ठरवू. काही जुन्या घरांतून मराठी गेलीही, हे नाकारायचं कारण नाही. पण ती जायला दोन-तीन शतकं लागली. आज ते काम एका पिढीत उरकतं.

का उरकतं? इथं खरा अडथळा दिसतो. त्याचं नाव तात्पुरतेपण. १९८१मध्ये पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस दोनच वर्षांत बंगळूरला गेली. १९९१नंतर तिच्यासारख्या कंपन्यांमागोमाग नाशिक, नागपूर, साताऱ्याची मुलं व्हाइटफिल्ड आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत येत राहिली. ‘दोन-तीन वर्षं काढू, मग पुण्याला बदली घेऊ’ या बोलीवर आलेली माणसं पंधरा वर्षांनीही तेच वाक्य म्हणतात, फक्त मध्ये फ्लॅटचे हप्ते सुरू झालेले असतात. ‘कन्नड गोत्तिल्ला’, म्हणजे कन्नड येत नाही, हे एकच कन्नड वाक्य त्यांना अस्खलित येतं. ऑफिसात इंग्रजी, बाहेर हिंदी, आणि मुलांशी मराठी बोलायचा संकल्प. मुलं आपसात इंग्रजी बोलतात. शेजारपाजारच्या भाषेला दारातच अडवून घरची भाषा वाचली असती, तर या घरांत मराठी नांदायला हवी होती. ती टिकली मात्र ज्यांनी कन्नड आत घेतली त्यांच्याकडे. याचं कारण अवघड नाही. ज्या मुलाला घरात एक, गल्लीत एक आणि शाळेत एक अशा भाषा लागतात, त्याच्या लेखी घरच्या भाषेला जागा ठरलेली असते. जिथं गल्लीच नाही, फक्त गेटबंद सोसायटी आहे, तिथं एकच सोयीची भाषा सगळी जागा खाते.

आठवण माणसाला या गल्लीपासून दूर ठेवते असं म्हणणाऱ्यांनी भाकरीची गोष्ट पाहावी. मेसच्या भाताला कंटाळलेल्या, ज्वारीच्या भाकरीसाठी आसुसलेल्या माणसाला ती बंगळुरात कुठे मिळते? उत्तर कर्नाटकी खानावळीत. पातळ थापलेली जोळद रोट्टी, शेंगदाण्याचा कूट घातलेली यन्नेगायी म्हणजे आपली भरली वांगीच, शेंगा चटणी, वर दह्याची वाटी. वाढणारा विजापूर नाहीतर बागलकोटकडचा, तोही घर सोडून आलेला. ‘ऊटा आयता?’ म्हणजे जेवण झालं का, ही बंगळुरातली नेहमीची विचारपूस इथंच कानावर पडते. घराची ओढ इथं माणसाला उलट स्थानिकाच्या पंगतीत नेऊन बसवते. ज्याला भाकरीची आठवणच येत नाही तो मोबाइलवरून पिझ्झा मागवतो आणि कोणालाच भेटत नाही.

व्हिडिओ कॉलमुळे विरह संपला, असा एक आधुनिक आक्षेप आहे. त्यावर फार वेळ घालवू नये. पडद्यावर आईचा चेहरा दिसतो, तिचा गुडघा किती सुजलाय ते दिसत नाही. मंडळांमुळे कोंडाळी तयार होतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. गांधीनगरातलं महाराष्ट्र मंडळ असो की एखाद्या सोसायटीतला गणपती, तिथं मराठी माणूस मराठी माणसालाच भेटतो हे खरं. पण भीमसेन जोशींचं उदाहरण घ्या. धारवाडी मुलखातला हा कन्नड घरातला मुलगा पुण्यात स्थायिक झाला आणि १९५३मध्ये त्यांनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. गुरू कुंदगोळचे. एका कानडी शिष्याने कानडी मुलखातल्या गुरूची काढलेली आठवण ही आज पुण्याची मिरवायची गोष्ट झाली आहे. हेच गायक मराठी अभंगही गात आणि कन्नड भक्तिगीतं म्हणजे दासपदंही. दार उघडं ठेवलं तर स्मरणाचा उत्सव गावाचा होतो. कोंडाळं होतं ते दार लावल्यामुळे. बंगळुरातल्या मराठी गणपतीसमोर एक संध्याकाळ दासपदांची का नसावी?

सर्वांत जड आक्षेप म्हाताऱ्या आईवडिलांचा. त्याला माझ्याकडे हुकमी उत्तर नाही, आणि ज्याच्याकडे आहे असं तो म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. तरी एवढं सांगता येईल की हा प्रश्न आठवणीचा नाही, जबाबदारीचा आहे. दोन्ही एकत्र कालवले की रोज फोनवर गहिवरून बोलण्यातच कर्तव्य पार पडल्यासारखं वाटतं, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण नेणार हा साधा प्रश्न तसाच राहतो. आईवडिलांना बंगळूरला आणलं तर तात्पुरतेपणाची किंमत आधी तेच मोजतात. चौदाव्या मजल्यावर, खालच्या बाकावर बसलेल्या कानडी आजीशी बोलायला शब्द नाहीत आणि मुलाने पंधरा वर्षांत एकही ओळख जोडून ठेवलेली नाही.

शेवटी राजकारणाची बाजू. डिसेंबर २०२३मध्ये बंगळुरात इंग्रजी पाट्यांची मोडतोड झाली. जुलै २०२४मध्ये खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारं विधेयक मंत्रिमंडळाने मंजूर केलं आणि ओरड होताच बाजूला ठेवलं. अशा वातावरणात कन्नड शिकणं म्हणजे दडपशाहीपुढे मान तुकवणं, असं म्हणणारे मराठी लोक आहेत, आणि सीमाभागाची जखम ताजी असल्याने त्यांचा राग समजू शकतो. दगड मारून भाषा शिकवता येत नाही हे मान्यच. पण दुकानांच्या मराठी पाट्यांचा कायदा २०२२मध्ये आपणच कडक केला, आणि मुंबईत राहणाऱ्याला मराठी आलीच पाहिजे हा आग्रहही आपलाच. तो आग्रह मला रास्त वाटतो, म्हणून तो बंगळुरातही रास्त वाटतो. एकीकडे हक्क आणि दुसरीकडे जुलूम, असं एकाच गोष्टीला म्हणता येत नाही. माटुंग्याला म्हैसूर असोसिएशन १९२६पासून आहे. आसपासच्या उडुपी हॉटेलांच्या गल्ल्यावर बसणारे घरी कन्नड नाहीतर तुळू बोलत आले, गिऱ्हाइकाशी मराठी बोलत आले, सुट्टीत गावी जात आले. त्यांना गावाची आठवण येते का, आणि येत असेल तर ते मुंबईचे कसे, असं आपण कधी विचारलेलं नाही.