वर चढायला जिना, उतरायला नाही
जर्मनीतली आमची भाची म्युनिक-बर्लिनचं तिकीट महिनाभर आधी काढते, म्हणून ते स्वस्त पडतं; अट एवढीच, त्याच गाडीने जायचं. जबलपूरहून भोपाळच्या राणी कमलापती स्थानकाला जाणाऱ्या वंदे भारतचं तिकीट मात्र ६० दिवस आधी काढा की चार दिवस, भाडं तेच. राजधानी-शताब्दीला २०१६ पासून ‘फ्लेक्सी’ आहे. दर दहा टक्के जागा भरल्या की भाडं दहा टक्क्यांनी चढतं, थेट १.४ पटीपर्यंत. आधी काढलं म्हणून मूळ भाड्याच्या खाली काही येत नाही!

ज्या दिवशी खुर्च्या रिकाम्या धावतात, त्या दिवसाचं तिकीट आधी घेणाऱ्याला स्वस्त द्या की. पण नागपूरला जाणाऱ्या साध्या गाडीच्या स्लीपरला भाड्याच्या चढ-उताराचा हा खेळ नको. वडील दवाखान्यात असल्याचा फोन महिनाभर आधी येत नाही, आणि अशा माणसाला तत्काळचा भुर्दंड आहेच.