पिंजऱ्याचे रूपक आणि पिंजऱ्यातला पक्षी

पिंजरा म्हटले की आपल्या समीक्षेला ठरावीक अर्थच सुचतात. पारतंत्र्य, स्त्रीची घुसमट, आत्म्याला पडलेले देहाचे बंधन, यांपैकी एखादा उत्तरपत्रिकेत आपोआप उतरतो. पिंजऱ्यातला पक्षी कोणता, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते हे विचारल्याखेरीज ते रूपकही नीट वाचता येत नाही, आणि असे विचारायला शिकण्यासाठी प्राणिसंग्रहालयातील पक्षिगृह ही उत्तम जागा आहे.

आपल्या जुन्या वाङ्मयाला पिंजऱ्याचा एकच अर्थ मान्य नव्हता. 'मृच्छकटिका'च्या चौथ्या अंकात विदूषक वसंतसेनेच्या प्रासादातील एकेक चौक पाहत जातो. सातव्या चौकात पोपट, मैना, कोकिळ, कबुतरे असा पक्ष्यांचा संसारच भरलेला असतो. तेथे पिंजरा हे वैभवाचे लक्षण आहे. बाणाच्या 'कादंबरी'त मात्र सोन्याच्या पिंजऱ्यातून शूद्रकाच्या दरबारात आणलेला वैशंपायन पोपटच कथा सांगू लागतो. बंदिस्त आहे म्हणून तो मुका नाही. उलट निवेदनाचा अधिकार त्याच्याकडेच आहे.

आधुनिक पक्षिगृहाने तर पिंजऱ्याची घडणच बदलली. सिंगापूरचे मंत्री गोह केंग स्वी यांनी १९६८ साली रिओ दि जानेरो येथे पक्ष्यांना मोकळे उडता येईल असे पक्षिगृह पाहिले, आणि १९७१ साली जुरोंगचे पक्षिउद्यान उभे राहिले. ते ३ जानेवारी २०२३ रोजी बंद झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मंडाई येथे त्याचा नवा अवतार खुला झाला. १७ हेक्टरांच्या या उद्यानात सुमारे ४०० जातींचे ३,५०० पक्षी आहेत. येथील भव्य पक्षिगृहांत प्रेक्षकच जाळीच्या आत शिरतो. मुंबईच्या राणीच्या बागेतही २०२० साली असे आत जाऊन पाहण्याचे पक्षिगृह खुले झाले. आता बंदिस्त कोण, हा प्रश्न निदान काही क्षण तरी खरा वाटतो.

'अबाउट लुकिंग' (१९८०) या संग्रहातील प्रसिद्ध निबंधात जॉन बर्जर म्हणतो की, प्राणिसंग्रहालयात प्राण्याची आणि माणसाची दृष्टादृष्ट होतच नाही. हे बऱ्याच अंशी खरे आहे. तथापि दृष्टादृष्ट झाली नाही तरी निरीक्षण संभवते, आणि निरीक्षण रूपकाला अडचणीत आणते. धनेशाचेच पाहा. विणीच्या काळात मादी ढोलीत बसून तिचे तोंड आतून लिंपून घेते. फटीतून नर तिला भरवतो. हा पिंजरा तिने स्वतः बांधलेला आहे. त्याला घुसमट म्हणायचे की संरक्षण?

बाली बेटावरची शुभ्र मैना याहून मोठा पेच घालते. तिच्या रूपापायी आणि गळ्यापायी माणसांनी तिला इतके पकडले की, या शतकाच्या आरंभी रानात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मैना उरल्या. पुढे रानात सोडण्यासाठी पक्षी मिळाले तेही बंदिवासात जन्मलेलेच. पिंजऱ्यानेच तिला संपवत आणले आणि पिंजऱ्यानेच तिला राखले. 'स्वातंत्र्य विरुद्ध बंधन' या सोप्या जोडीत हे बसत नाही.

याचा अर्थ जाळीचे समर्थन करावे असा नव्हे. जाळी कितीही उंच नेली तरी ती आकाश होत नाही, आणि ज्या पक्ष्याचे रान शाबूत आहे त्याला तेथून उचलून आणणे हा अपराधच होय. मुद्दा आपल्या वाचनाचा आहे. कवितेतल्या प्रत्येक पक्ष्याला 'पाखरू' समजून त्याच्या पाठीवर आपण तयार अर्थ लादतो, तेव्हा आपणही त्याला कोंडतच असतो. विद्यार्थ्यांना रूपकाची व्याख्या सांगण्याआधी तासभर एकाच पक्ष्यासमोर, वही मिटून, उभे करावे. नाव, चोच, चाल, आवाज एवढे नीट दिसले की अर्थ मागाहून येईल. आणि तो उसना नसेल.