पायथनची जुनी आवृत्ती सोडा, पण तारीख आधी सांगा

प्रति,
फ्रॅपे टेक्नॉलॉजीज, मुंबई



तुमच्या ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय-सॉफ्टवेअरची चौदावी आवृत्ती ऑगस्ट 2022मध्ये आली आणि तिच्यासाठी किमान पायथन 3.10 लागेल असं ठरलं. पायथन 3.10 बाहेर पडलं होतं ऑक्टोबर 2021मध्ये, म्हणजे जेमतेम दहा महिने आधी. निर्णय योग्यच होता. असे निर्णय यापुढेही न कचरता घ्यावेत, फक्त ते पुरेसे आधी कळवावेत, एवढीच या पत्राची विनंती आहे. ती कुकटपल्लीहून होते आहे, यालाही कारण आहे.

कुकटपल्ली म्हटलं की बाहेरच्यांना केपीएचबी कॉलनी, जेएनटीयू विद्यापीठ, मेट्रोच्या पुलाखालची गर्दी आणि हॉस्टेलांच्या पाट्या आठवतात. त्या हॉस्टेलांत नांदेड, लातूर, सोलापूरकडची मुलंही असतात. पण याच भागात प्रशांतीनगरची औद्योगिक वसाहत आहे, लागूनच बालानगर आहे आणि तिथे सुटे भाग, साचे, पत्र्याची कामं करणारे छोटे कारखाने आहेत. अशा कारखान्यांना ईआरपीनेक्स्ट परवडतं, कारण त्याला परवाना शुल्क नाही. ते बसवून देणारा एखादा एकटा तंत्रज्ञ असतो, नाहीतर दोघा-तिघांचं ऑफिस. मालकाला पायथनशी देणंघेणं नसतं. त्याला गोदामातला माल जुळायला हवा आणि बिल वेळेवर निघायला हवं.

‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हे धोरण मात्र त्याला आता झेपणारं नाही. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसची सक्ती ऑक्टोबर 2020मध्ये 500 कोटींवरच्या उलाढालीला होती. उतरत उतरत ती 1 ऑगस्ट 2023पासून 5 कोटींवर आली. म्हणजे छोटा कारखानदारही त्यात आला. कर बदलला की सॉफ्टवेअर बदलावं लागतं आणि सॉफ्टवेअर बदललं की त्याच्या खालचं पायथनही.

जुनं सांभाळत बसण्याची किंमत फ्रॅपेइतकी कुणाला ठाऊक असेल? पायथन 3.0 डिसेंबर 2008मध्ये आलं. पायथन 2.7ची मुदत आधी 2015 होती, ती वाढवून 2020 केली गेली आणि 1 जानेवारी 2020ला संपली. त्या संक्रमणाच्या काळात फ्रॅपेने दोन्ही पायथन सांभाळले. नवा डॉकटाइप, म्हणजे नोंदींचा नवा प्रकार, तयार केला की आपोआप बनणाऱ्या फाइलच्या वरच ‘फ्रॉम फ्यूचर इम्पोर्ट युनिकोड लिटरल्स’ ही ओळ यायची. जुन्या पायथनने अक्षरं नव्या पायथनसारखी वाचावीत, एवढ्यासाठी ती होती. एकेका फाइलपुरती किरकोळ वाटणारी ही तडजोड पुढे अख्ख्या प्रकल्पभर पसरली. 2021च्या तेराव्या आवृत्तीपासून पायथन 2 गेलं आणि त्या ओळीची गरजही संपली.

आपल्या भाषांच्या दृष्टीने तर ते जायलाच हवं होतं. ‘कुकटपल्ली’ हा शब्द साध्या अवतरणात देऊन पायथन 2ला त्याची लांबी विचारली, तर युटीएफ-8च्या फाइलमध्ये उत्तर येई 27. पायथन 3 सांगतं 9. जुनं पायथन बाइट मोजायचं, नवं युनिकोडमधली चिन्हं मोजतं. ग्राहकांची नावं तेलुगू किंवा मराठीत असलेली यादी फाइलमधून चढवताना ‘युनिकोड डीकोड एरर’ येऊन सगळं ठप्प झालेलं ज्याने पाहिलं आहे, तो पायथन 2साठी हळहळणार नाही.

आणि जुनं धरून ठेवलं तर काय होतं, हे डिसेंबर 2021मध्ये लॉगफोरजेच्या निमित्ताने जगाने पाहिलं. त्या फुकट वापरल्या जाणाऱ्या जावा लायब्ररीत भयंकर भोक सापडलं. ती लायब्ररी सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना मुख्य दुरुस्ती करून भागलं नाही. जावा 7वर अडकलेल्यांसाठी 2.12.2 आणि 2006च्या जावा 6वर अडकलेल्यांसाठी 2.3.1 अशा वेगळ्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. पंधरा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीसाठी ऐन संकटात काही माणसांनी रात्री घालवल्या. फ्रॅपेच्या लोकांवर ती वेळ येऊ नये, असं मनापासून वाटतं.

खरी अडचण कुठे झाली, तेही सांगायला हवं. तेराव्या आवृत्तीचे कित्येक सर्व्हर उबुंटू 20.04वर होते आणि त्या उबुंटूबरोबर पायथन 3.8 येतं. 3.10 आयतं मिळतं ते 22.04मध्ये. म्हणजे चौदाव्या आवृत्तीवर जायचं तर ऑपरेटिंग सिस्टीम बदला, नाहीतर 3.10 वेगळं बसवा. अशा वेळी अनेकांच्या हातून ठरलेली चूक होते: सिस्टीमच्या ‘पायथन3’ची लिंकच नव्या आवृत्तीकडे वळवली जाते. उबुंटूची स्वतःची साधनं जुन्या पायथनवर अवलंबून असतात. ती मोडतात आणि मग पॅकेज बसवणंही अडतं. खरं तर लिंकला हात न लावता नवं पायथन शेजारी ठेवायचं, आधी बॅकअप घ्यायचा, फ्रॅपेच्या बेंच या साधनातल्या ‘बेंच मायग्रेट-एन्व्ह’ आज्ञेने फक्त बेंचचं वातावरण बदलायचं आणि मग पुढचं अपग्रेड. माहीत असेल तर अर्ध्या दिवसाचं काम. माहीत नसेल तर सोमवारी सकाळी कारखान्याच्या गेटवर माल भरलेला ट्रक उभा आणि बिल निघत नाही.

पायथनने स्वतः याची वाट दाखवली आहे. आता दर ऑक्टोबरात नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला पाच वर्षं आयुष्य असतं. कोणती कधी संपणार हे आधीच छापलेलं असतं. नमपाय या पायथन लायब्ररीने 2019मध्येच लेखी धोरण ठरवलं, की मागच्या 42 महिन्यांत आलेल्या पायथनच्या आवृत्त्यांनाच आधार द्यायचा. त्यावर कुणी भांडत बसत नाही, कारण तारीख कुणाच्या मर्जीवर नाही.

फ्रॅपेकडेही तेच मागणं आहे. पुढच्या मोठ्या आवृत्तीला किमान कोणतं पायथन आणि कोणती उबुंटू लागेल, हे तिच्या वर्षभर आधी जाहीर करा. आधीच्या आवृत्तीच्या सुरक्षा-दुरुस्त्या किती काळ मिळतील, हे त्याच घोषणेच्या पहिल्या ओळींत येऊ द्या. सिस्टीमच्या पायथनला हात न लावता अपग्रेड कसं करायचं, याची पायरी-पायरीची माहिती हिंदी, मराठी, तेलुगूतही द्या. भाषांतराला माणसं हवीत तर हैदराबादेत ती मिळतील. हाक तेवढी द्या.

जबाबदारी एकतर्फी नाही. मोफत मिळालेल्या सॉफ्टवेअरवर ज्यांचं पोट चालतं, त्या बसवून देणाऱ्यांनी बीटा आवृत्ती आपल्याकडच्या खऱ्या डेटाच्या प्रतीवर चालवून पाहावी, चुका वेळेत कळवाव्यात आणि गिऱ्हाइकाच्या वार्षिक करारात अपग्रेडचे पैसे धरावेत. ‘जुनंच चालू द्या’ असा आग्रह फुकटात धरण्याचा हक्क कुणालाच नाही.

पायथन 3.10च्या सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत ऑक्टोबर 2026पर्यंतच आहे. त्यावर ईआरपीनेक्स्ट चालवणाऱ्या प्रत्येक कारखान्याला ही तारीख आपल्याच सूचनेतून, मुदत संपण्याआधी आणि त्याला कळेल अशा भाषेत समजावी, ही विनंती.

कळावे,
ईआरपीनेक्स्टवर काम करणारा एक मराठी तंत्रज्ञ
कुकटपल्ली, हैदराबाद