हातांना मुंग्या आणि हादरणारे लॉनमोअर

बंगल्याभोवती हिरवळ राखणारे, किंवा उन्हाळ्यात परदेशी मुलांकडे गेल्यावर तेथील अंगणाची देखभाल हौसेने अंगावर घेणारे ज्येष्ठ पुष्कळदा सांगतात, की गवत कापून झाल्यावर हातांना मुंग्या येतात व बोटे बधिर होतात. मधुमेह, मानेच्या मणक्यांची झीज, मनगटात दबलेली नस ही कारणे तपासलीच पाहिजेत. परंतु यंत्र पूर्वीपेक्षा अधिक हादरते काय, हे विचारायचे बहुधा राहून जाते.

ढकलत न्यावयाच्या लॉनमोअरचे कंपन दांड्यातून थेट तळव्यात उतरते. हादरे वाढले की आपण दांडा अधिक घट्ट धरतो, आणि त्यामुळे कंपन हातात अधिकच शिरते. हे दीर्घकाळ चालल्यास बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना व मज्जातंतूंना इजा होते. १९१८ साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील इंडियाना राज्यात हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या पाथरवटांची पाहणी केली, तेव्हा थंडीत त्यांची बोटे पांढरी पडून बधिर होत असल्याचे आढळले. आठवड्यातून अर्धा तास गवत कापणाऱ्याला तेवढा धोका नसतो. तथापि मधुमेहाने ज्यांच्या नसा आधीच दुबळ्या झाल्या आहेत, त्यांनी त्यांवर हा भार घालू नये.

रुग्णाप्रमाणे यंत्राचाही पूर्वेतिहास पाहावा. दगडावर किंवा झाडाच्या मुळावर आपटल्यानंतर हादरे एकाएकी सुरू झाले असतील, तर पाते किंवा इंजिनाचा क्रँकशाफ्ट वाकलेला असू शकतो. असे यंत्र तत्क्षणी बंद करावे. हादरे हळूहळू वाढले असतील, तर असमान घासलेले पाते, तळाशी साचलेले गवत किंवा सैल बोल्ट ही कारणे संभवतात.

तपासणीपूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे व स्पार्क प्लगची वायर काढून दूर ठेवावी. विजेच्या यंत्राचा प्लग वा बॅटरी काढावी. यंत्र कलंडताना एअर फिल्टरची बाजू वर असावी, नाहीतर त्यात तेल शिरते. जाड हातमोजे घालून साचलेले गवत खरवडावे. दांड्याचे, इंजिनाचे व पात्याचे बोल्ट पाहावेत. पाते काढून मधल्या छिद्रातून खिळ्यावर आडवे अडकवावे. जी बाजू खाली झुकेल ती जड. ती घासून तोल साधता येतो. वाकलेले वा तडा गेलेले पाते मात्र ठोकून सरळ करू नये, बदलावे. नव्या पात्यानेही हादरे थांबले नाहीत, तर यंत्र न वापरता मेकॅनिककडे न्यावे. ज्यांचे हात थरथरतात, दृष्टी अधू आहे किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत, त्यांनी पात्याला हातच लावू नये.

काम थांबवल्यावर मुंग्या लवकर ओसरत असतील, तर दुरुस्तीपर्यंत यंत्र बंद ठेवावे. त्या दुसऱ्या दिवशीही टिकल्या, रात्री झोपमोड करू लागल्या, बोटे पांढरी पडू लागली किंवा वस्तू हातातून निसटू लागल्या, तर डॉक्टरांना दाखवावे व यंत्राविषयीही आवर्जून सांगावे.

घरच्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. एकाच बाजूचा हात अचानक बधिर किंवा दुबळा झाला, बोलणे अडखळले अथवा तोंड वाकडे झाले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी यंत्राला दोष देत घरी थांबू नये. रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे.