कुंपणापलीकडचा जमाखर्च

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ठाण्याच्या जांभळी नाक्यापासून कल्याणच्या बाजारपेठेपर्यंत पेढ्यापेढ्यांतून नव्या वह्यांचे पूजन होईल, आणि मोठ्या कंपन्यांचे छापील वार्षिक अहवालही एव्हाना भागधारकांच्या हाती पडलेले असतील; उद्योगाच्या जमाखर्चात समाजाचे देणे कोणत्या सदराखाली लिहावे, हा प्रश्न या निमित्ताने यंदाच्या अंकाच्या आरंभी मांडावा, असे आम्हांस अगत्याने वाटते.

विद्वानांना हा प्रश्न नवा नाही. हॉवर्ड बोवेन यांनी 1953 साली व्यावसायिकाच्या सामाजिक जबाबदारीवर ग्रंथ लिहिला. 1970 साली मिल्टन फ्रीडमन यांनी, नियमांच्या मर्यादेत राहून नफा वाढविणे एवढीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी होय, असे ठामपणे प्रतिपादन केले. आणि तेव्हापासून या वादावर विद्यापीठांतून प्रबंधांची रास पडत आली आहे. आपल्याकडे टाटांच्या पोलाद कंपनीने 1979 साली न्यायमूर्ती कोतवाल, प्रा. रजनी कोठारी आणि प्रा. पु. ग. मावळंकर यांची समिती नेमून स्वतःचे सामाजिक लेखापरीक्षण करवून घेतले, याचे स्मरण आज फारसे कुणाला नाही. परंतु सरकारी हुकूम नसताना एखाद्या कंपनीने आपले दप्तर त्रयस्थांपुढे उघडे करावे, ही गोष्ट आम्हांला पुढे आलेल्या सक्तीहून अधिक मोलाची वाटते.

ती सक्ती 2013 च्या कंपनी कायद्याने आली. 500 कोटींची नक्त मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान 2 टक्के समाजकार्यावर खर्चावेत, असे त्याचे कलम 135 सांगते. या खर्चाच्या तपशिलात ‘स्थानिक क्षेत्र : होय किंवा नाही’ असा एक रकानाही आहे. पुढे सेबीने बाजारमूल्याने पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांवर 2022-23 पासून जबाबदारीचा विस्तृत अहवाल बंधनकारक केला, आणि त्यात आसपासच्या लोकांच्या तक्रारी वर्षभरात किती आल्या व किती निकालाविना राहिल्या, हेही नमूद करावे लागते. अभ्यासकांना ही सामग्री आयती मिळाली, आणि खर्च केलेल्या टक्क्यांचा नफ्याशी काय संबंध, याची गणिते मांडण्यात त्यांची बुद्धी गुंतून पडली.

आता डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीकडे पाहावे. 2014 साली येथे हिरवा पाऊस पडल्याचा बोभाटा झाला, 2020 च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला. 26 मे 2016 रोजी प्रोबेस कंपनीतील स्फोटाने 12 जणांचा बळी घेतला आणि दूरदूरच्या घरांच्या काचा फोडल्या, आणि 23 मे 2024 रोजी अमुदान केमिकल्समधील स्फोटात पुन्हा दहाहून अधिक कामगार प्राणांस मुकले. अशा वसाहतींतील असंख्य लहान कारखाने ना कलम 135 च्या मर्यादेला पोहोचतात, ना शेअरबाजाराच्या यादीत असतात. म्हणजे ज्यांच्या भिंतीला भिंत लावून माणसे राहतात, तेच उद्योग नीतिमत्तेच्या साऱ्या मापनांतून निसटतात. रात्री उशिरा उग्र वास सुटला की खिडक्या लावून घेणाऱ्या डोंबिवलीतल्या मिलापनगरच्या रहिवाशाची तक्रार सेबीच्या तक्रारींच्या रकान्यात कधीच उतरत नाही. आणि लहान कारखान्यात तयार होणारे रसायन शेवटी कुठल्या तरी मोठ्या उद्योगाच्याच मालात मिसळते. त्या मोठ्या उद्योगाचा अहवाल मात्र वृक्षारोपणाच्या छायाचित्रांनी सजलेला असतो, हे आम्हांला मनस्वी खटकते.

लहान कारखानदाराला अहवालाच्या ओझ्याखाली चिरडावे, असे आमचे म्हणणे नाही. हजारोंची चूल त्याच्यामुळे पेटते. उलट, त्याच्याकडून स्वस्त माल उचलणाऱ्याने सुरक्षिततेच्या खर्चाचा वाटा उचलला काय, हे आधी विचारले पाहिजे. नफ्यातून दान किती दिले, याहून तो नफा कसा मिळाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न आम्ही नीतीचा मूळ प्रश्न मानतो.

म्हणून कल्याणचे बिर्ला महाविद्यालय, डोंबिवलीचे पेंढरकर महाविद्यालय आणि ठाण्याचे जोशी-बेडेकर महाविद्यालय येथील वाणिज्याच्या आणि, जेथे तो विषय आहे तेथे, रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना आमची कळकळीची विनंती आहे की, विद्यार्थ्यांना परक्या आकडेवारीची कोष्टके मांडायला लावण्यापूर्वी एक वर्ष कुंपणाबाहेरच्या वस्तीत पाठवावे. स्फोटानंतर झालेल्या पंचनाम्यांपैकी किती नुकसानभरपाईपर्यंत पोहोचले, कंत्राटी कामगाराला त्याच्या रोजच्या रिअ‍ॅक्टरच्या धोक्याची माहिती त्याच्या भाषेत कोणी दिली, पहिल्या पावसात नाल्याच्या पाण्याचा रंग काय होता, आणि मालाचे शेवटचे गिऱ्हाईक कोण, एवढ्याची जरी साधार रुजवात झाली, तरी तो खरा प्रबंध ठरेल. तो मराठीत लिहिला गेला, तर या अंकाची पाने त्याच्यासाठी मोकळी आहेत. पृष्ठसंख्येची अट आम्ही घालणार नाही.